घरात झोप लागली पाहिजे

अमरावतीत अशी एकही वस्ती नसेल जिथे माझ्या बायकोचे मावसाजी भर दुपारी लोकांच्या घरात आडवे झालेले नाहीत. राजापेठेत झाले आहेत, साईनगरात झाले आहेत, कॅम्पातल्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे झाले आहेत. गाडगेनगरात तर एका कोचिंग क्लासला लागून असलेल्या खोलीत, भिंतीपलीकडे शंभर पोरं एका सुरात सूत्रं पाठ करत असताना, हे गृहस्थ अलीकडे डोळ्यांवर दुपट्टा टाकून पडले होते. आणि यातलं एकही घर त्यांचं नव्हतं, नात्यातल्या कुणाचं नव्हतं, ओळखीतल्याचंही नव्हतं. ती सगळी भाड्याने द्यायची घरं होती आणि मावसाजी ती पाहायला गेले होते. पुण्याकडचे लोक मावशीच्या नवऱ्याला काका म्हणून मोकळे होतात, आमच्या वऱ्हाडात त्यांना मावसाजी म्हणतात. घर पाहणं म्हणजे घरात झोपून पाहणं, असं या मावसाजींचं ठाम मत होतं आणि अजून आहे.

मत असलं की त्याची पद्धतही त्यांच्याकडे तयार असते. लोक नोकरीवरून सुटले की सहा-सात वाजता घरं बघत फिरतात, यावर त्यांचा मोठा राग. "सांजच्याले पाह्यलं तं समदेच घरं चांगले वाटते, जवाईबापू. घर उन्हात पाहा लागते. मे महिन्यात, जेवन करून, दुपारच्या टायमाले. तवा ज्या घरात झोप लागली ते घर." त्यामुळे त्यांच्या जुन्या स्कूटरच्या डिकीत एक सतरंजी, एक दुपट्टा आणि पाण्याची बाटली कायम असते. घरमालक दार उघडून किती खोल्या, पाणी केव्हा येतं, बाथरूम कुठे, हे सांगायला लागला की मावसाजी सगळं ऐकून घेतात, चपला बाहेर काढतात, समोरच्या खोलीच्या मधोमध सतरंजी टाकतात आणि "तुमी बोला, मी पडून ऐकतो" असं म्हणून आडवे होतात. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी नोकरी बदल्यांत गेली. मोर्शी, दर्यापूर, अचलपूर, जिथे जिथे कालवा तिथे तिथे हे आणि मावशी भाड्याच्या घरात. तेव्हाही घर असंच पाहिलं जायचं. सासरी तर अशी ख्याती, की मावसाजींना पहिल्या नाही तर दुसऱ्या घरात हमखास झोप लागते आणि ते घर सोन्यासारखं निघतं. त्या मंडळींतल्या कितीतरी जणांचे संसार त्यांनी असे झोपून लावून दिले आहेत.

म्हणूनच मला अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नोकरी लागली तेव्हा सासरहून पेढ्यांबरोबर निरोप आला, की घराची काळजी जावयाने करू नये, मावसाजी पाहतील. मी अकोल्याचा माणूस. ऊन काय असतं हे अमरावतीकराने आम्हाला शिकवावं हे मला तसंही पटत नाही. पण माझी अडचण होती. अकोल्याचं आमचं भाड्याचं घर मालकाला मुलाच्या लग्नासाठी रिकामं हवं होतं आणि बायकोने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "शाळा सुरू व्हायच्या आत घर पाह्यलं तं ठीक. नाई तं हे वर्ष आमी दोघी मूर्तिजापूरले आईकडं राह्यतो, पोरीचं नाव तिथंच टाकतो." म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत घर मिळालं नाही, तर वर्षभर मी एकीकडे आणि बायको-मुलगी दुसरीकडे. तिसरीतल्या लेकीशी वर्षभर फोनवरच बोलायचं, हे मला मुळीच नको होतं. तोवर मी राहायला अर्थात मावसाजींकडेच होतो.

आता कुणीही विचारेल, की मावसाजींचं स्वतःचं घर आहे, मावशी जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा बेंगळुरूला, मग तुम्ही तिघं त्यांच्याच घरी का राहिला नाहीत. हे मीही विचारलं होतं. ते म्हणाले, "एक दिवस नळाले पानी कमी येईन, त्याच्यावरून तुमचं-माहं वाजन, आन् मंग भाची माह्या घरी येनार नाई. भाडेकरू दुसरा भेटते, भाची नाई भेटत." विषय संपला. दिवसा मी कामावर, रात्री त्यांच्याकडे. त्यांच्या घरात टीव्ही सकाळी लागतो तो झोपेपर्यंत. पाहत कोणी नाही. मावसाजी पाठमोरे बसून मटकी निवडत असतात आणि टीव्हीवर कुणीतरी हिऱ्याच्या अंगठ्या विकत असतं. एकदा मी बंद केला तर मान न वळवता म्हणाले, "राहू द्या चालू. कोनी तं बोलून राहिलं." मला ती त्यांची आणखी एक तऱ्हा वाटली.

आमची मोहीम रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी निघायची. पहिलं घर साईनगरात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कडुलिंब, दारात सावली. मी मनातल्या मनात फ्रीज कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलं. मावसाजी पडले. मी आणि मालक दोन बाजूंना भिंतीला टेकून, आजाऱ्याजवळ बसतात तसे बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मावसाजी उठले, सतरंजी झटकली आणि म्हणाले, "नाई जमत." मालकाने घराचा दोष विचारला. "दोष काई नाई. झोप येऊन नाई राहिली." मालक तहसीलमधून निवृत्त झालेले, त्यांना हे असं कारण कोणत्याच अर्जावर कधी दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "अहो, मले घर भाड्यानं द्याचं हाये. पलंग नाई इकाचा." परत येताना मी स्कूटरवर मागे बसून ताशेरे ओढले, पण हेल्मेटमुळे त्यांना ते ऐकू आले नाहीत, किंवा आले.

पुढच्या घराचे मालक नियमांचे भोक्ते होते. खिळा ठोकायचा नाही, गच्चीवर पापड घालायचे नाहीत, पाहुणा दोन दिवसांवर नाही. हे सगळं मावसाजींनी पडल्या पडल्या ऐकलं. मग मालक म्हणाले, "आन् कूलर लावता येनार नाई. पानी लय लागते." अमरावतीत, मे महिन्यात, कूलर नाही. मावसाजी उठून बसले. "मंग भाडेकरू काहून ठेवता? लोनचं ठेवा. बंद खोलीत मस्त मुरन." ते घर आम्ही नाकारलं की त्यांनी आम्हाला, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. अर्जुननगरात एका मालकीणबाई चहा ठेवायला आत गेल्या, बाहेर येऊन पाहतात तो म्हातारा माणूस फरशीवर आडवा. "अवं बाई, ऊन लागलं वाटते," म्हणत त्या कांदा घेऊन धावल्या. मावसाजींनी चुपचाप दोन्ही तळपायांना कांदा चोळून घेतला, कैरीचं पन्हं पेलाभर प्यायलं, मग उठून हात जोडले. "तुमी लय चांगल्या हा, बाई. घर मातर नाई." राठीनगरात छत तापत होतं. विलासनगरात शेजारचा कुत्रा भुंकत होता. रहाटगावच्या बाजूला कुत्राच नव्हता, तर म्हणाले, "इतकं सुमसाम घर काय कामाचं."

जून लागला आणि माझा धीर सुटला. मी बायकोला फोन करून सांगितलं, "तुह्या मावसाजीले झोप लागत नाई आन् माही उडून गेली. तूच ये." ती म्हणाली, "असं कसं? मावशी होती तवा पह्यल्याच घरात घोरत." पण रविवारी सकाळच्या बसने ती लेकीला घेऊन आली, डब्यात पोळ्या आणि आलू-वांग्याची भाजी भरून. कठोरा नाक्याकडे एक वरचा मजला रिकामा झाल्याचं कळलं होतं. ते घर पाहून मला हसावं की रडावं कळेना. तोंड पश्चिमेला, छत तव्यासारखं, खाली पिठाची गिरणी, समोर कुत्रे दोन. आजवर जेवढ्या कारणांनी घरं नापास झाली होती ती सगळी इथे मुक्कामाला होती. मावसाजींच्या नियमाप्रमाणे आम्ही तिथेच जेवलो. खालच्या मालकीणबाईंनी ताटं दिली. मावसाजींनी सतरंजी टाकली, दुपट्टा डोळ्यांवर घेतला. मी घड्याळ पाहायचंसुद्धा सोडून दिलं होतं.

बायको ताटं घेऊन मोरीत गेली. तिला भांडी घासताना पाहणं एक वेळ ठीक, ऐकणं कठीण आहे. तिच्या हातून ताट खाली ठेवलं जात नाही, टाकलं जातं. त्यात लेकीला तिने पाढे म्हणायला बसवलं होतं. लेक बाहेरून तेराचा पाढा ओरडून म्हणत होती, तेरी साते चुकत होती, आणि आतून नळाच्या आवाजावर आवाज चढवून हिची दुरुस्ती चालू होती. खाली गिरणी सुरू झाली. आणि या सगळ्या गोंधळात दुपट्ट्याखालून एक आवाज यायला लागला. आधी मला वाटलं गिरणीचाच पट्टा. मावसाजी घोरत होते. दीड महिना मी ज्याची वाट पाहिली ते घोरणं माझ्यासमोर, दुपट्टा वरखाली करत, अगदी मजेत चाललं होतं. मी पायांचा आवाज न करता आत गेलो आणि बायकोला तोंडावर बोट ठेवून खूण केली. तिने नळ बंद केला. लेकीलाही डोळे वटारून गप्प केलं. गिरणीवाल्यानेही नेमका त्याच वेळी पट्टा थांबवला. घरात शांतता झाली आणि त्याच क्षणी घोरणं बंद पडलं. मावसाजींनी कूस बदलली आणि डोळे न उघडता विचारलं, "थांबल्या काहून वं? चालू द्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग नळ सोडला. ताट आपटलं. तेरी साते पुन्हा चुकलं. मावसाजी पुन्हा घोरायला लागले ते उन्हं उतरेपर्यंत.

उठले तेव्हा चेहऱ्यावर सतरंजीचे वळ होते आणि मूड चांगला होता. "घ्या हे घर. याच्याहून चांगलं नाई भेटत." मी म्हटलं, छत तापतंय. "छत हाये, तापनच." खाली गिरणी आहे. "पीठ दयाले लांब जा नाई लागत." मग घोटभर पाणी प्यायले आणि बायकोकडे पाहून, अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसे म्हणाले, "तुह्या मावशीले दुपारची झोप नव्हती. मी पडलो का ते भांडे घेऊन बसे. जलमभर भांडलो तिच्याशी, आवाज नको करू म्हनून." एवढं बोलून ते सतरंजीची घडी घालायला लागले. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून घातली. जिन्यावरून उतरताना बायको मला हळूच म्हणाली, "अहो, तवा घर पाह्याले मावशी संगं राहे." मला त्या साईनगरच्या मालकाची, कांदेवाल्या बाईंची, सगळ्यांची एकदम आठवण झाली. त्यांच्या घरांत काहीच वाईट नव्हतं. आणि मी त्या स्कूटरवर मागे बसून जे जे बोललो होतो त्याचं मला फार वाईट वाटलं.

घर आम्ही घेतलं. शाळा सुरू व्हायच्या आधी सामान आलं, लेकीचं नाव इथल्या शाळेत गेलं, आम्ही तिघं एका छताखाली आलो. ते छत तापतं, पण ते आमच्या तिघांवर तापतं. बायकोने मावसाजींना इकडेच राहायला या म्हणून सांगून पाहिलं. ते म्हणाले, भाचीच्या घरी राहणारा माणूस आणि दारात पडलेली चप्पल यात लोक फरक करत नाहीत, आणि आले नाहीत. पण पावसाळ्यात एका रविवारी सतरंजी घेऊन हजर झाले. "उन्हाळ्यात पाह्यलं, पावसात नाई पाह्यलं. गयते का ते पाहा लागते." घर गळत नव्हतं. मग थंडीत फरशी कशी लागते ते पाहायला आले. संक्रांत झाल्यावर ऋतू संपले आणि कारणंही संपली, तेव्हापासून ते काही न सांगता दर रविवारी येतात. जेवतात, लेकीला पाढे विचारतात, समोरच्या खोलीत मधोमध आडवे होतात.

माझी रविवारची झोप त्या दिवसापासून गेली. मी आतल्या खोलीत कानावर उशी दाबून पडून असतो, बाहेर लेक आता एकोणीसच्या पाढ्यावर आली आहे, आणि मोरीत सुसाट भांडी चाललेली असतात. तिघांची आणि एका पाहुण्याची भांडी ती किती. परवा मी उठून पाहायला गेलो, तर सगळी घासून पालथी घातलेली होती आणि बायको त्यातलंच एक पातेलं उचलत होती. मी म्हटलं, झाले न घासून. तिने बाहेरच्या खोलीकडे मान केली. "अर्धा घंटा झोपू द्या त्यायले," म्हणाली, आणि घासलेलं पातेलं पुन्हा नळाखाली धरलं.