नाल्यापलीकडचे नऊशे मीटर

नाल्यापाशी आलं की आर्वेदच्या ट्रॅक्टरचं बर्फ लोटायचं पातं वर उचललं जायचं. नाला म्हणजे तरी काय, ज्यात पोहायचं म्हटलं तर बेडकालाही लाज वाटावी अशी एक ओली चर. पण चरीच्या अलीकडे एक पंचायत आणि एक जिल्हा, पलीकडे दुसरी पंचायत आणि दुसरा जिल्हा. एस्तोनियाच्या नकाशावर ही रेघ पेन्सिलीच्या केसाएवढी आहे. बर्फाला ती कधी दिसली नाही. तो दोन्हीकडे सारखाच पडायचा.

अलीकडे लाउकासू, आर्वेदचं आठ घरांचं गाव. पलीकडे माएवेरे, त्याहून लहान, जंगलात विखुरलेलं. त्यातलं नाल्याकडचं एकुलतं घर आर्वेदच्या थोरल्या बहिणीचं, हेल्मीचं. नाल्यापासून तिच्या फाटकापर्यंत नऊशे मीटर. हेल्मी एकोणऐंशीची, आर्वेद अडुसष्टचा. आई लवकर गेली तेव्हा याचं नाक पुसण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं हेल्मीनं केलं. तेव्हापासून ती त्याला हुकूम सोडायची आणि तो मान हलवायचा. दोघांचं उत्तम चाललं होतं.

आर्वेद सत्तावीस वर्षं पंचायतीच्या रस्त्यांवरचा बर्फ लोटत होता. बोलणं बेतास बात. आमच्याकडे बडबड्या माणूस तसा दुर्मीळच, पण आर्वेदची तऱ्हा त्याहून वरची. त्याची बायको हयात असताना म्हणायची, याला लग्नाचं मी विचारलं होतं, उत्तराची अजून वाट बघतेय.

पूर्वी दोन्हीकडच्या पंचायतप्रमुखांचं आपसात ठरलेलं होतं. आर्वेदनं नाला ओलांडून हेल्मीच्या फाटकापर्यंत रस्ता मोकळा करायचा, त्याबदल्यात त्यांच्या माणसानं आपल्याकडचा एक जंगलरस्ता करायचा. कागद नाही, सही नाही. दर शनिवारी आर्वेद हेल्मीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी न्हाणीघरात, घाम गाळायचा, मग काळा पाव आणि खारवलेले मासे खाऊन घरी यायचा. दोघं तासभर समोरासमोर बसून चार वाक्यं बोलायची. त्यातली दोन हवेबद्दल.

मग दोन हजार सतरा उजाडलं. सरकारनं सांगितलं, पाच हजार डोकी नसलेल्या पंचायतींनी शेजाऱ्यांशी जमवून घ्यावं. आपणहून जमलं नाही तर आम्ही जमवून देऊ. देशातली नगरं आणि पंचायती मिळून दोनशे तेरा होती, त्यांची एकोणऐंशी झाली. पाठोपाठ जिल्ह्यांची सरकारी ऑफिसंही बंद झाली. म्हणजे जिल्हा राहिला, पण तो कुठे बसतो हे सांगता येईना.

या जमवाजमवीत माएवेरेला विचारण्यात आलं की तुम्ही कुणीकडे जाता. आपल्या जुन्या जिल्ह्यातच, बावन्न किलोमीटरवर ऑफिस असलेल्या नव्या मोठ्या पंचायतीत, की नाला ओलांडून लाउकासूच्या बाजूला? माएवेरेत मत द्यायला माणसं होती सात. तिघं म्हणाली लाउकासू. चौघं म्हणाली जुना जिल्हा. वरच्यांनी मतांचा मान राखला आणि नाला जिथे होता तिथेच राहिला.

आर्वेदनं त्या चौघांची मनातल्या मनात अंदाजानं यादी केली. सगळ्यात वर एंडेल, मधमाश्या पाळणारा. तो घरोघरी फिरून जुन्या जिल्ह्यासाठी मतं मागत होता हे जगजाहीर होतं. त्या दिवसापासून आर्वेद एंडेलशी बोलेनासा झाला. एंडेलला हे कळायला वर्ष लागलं, कारण फरक फारसा पडला नव्हता.

नव्या कारभारात आर्वेदला काम मिळालं, पण करारासकट. पातं पंचायतीचं, ट्रॅक्टरवर यंत्र बसवलेलं. गाडी कुठे आहे, पातं खाली की वर, हे सगळं ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं. फेरीही वाढली, आता तो पार तीस किलोमीटरपर्यंत जायचा. डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा सवयीनं त्यानं नाला ओलांडला आणि हेल्मीचा रस्ता करून टाकला. दुपारी ऑफिसातून काइरितचा फोन. गोड पोरगी. तिनं फार अदबीनं सांगितलं की तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात नऊशे मीटर काम केलंत, तिथे काही झालं तर विमा लागू नाही, पुन्हा झालं तर करार शहरातल्या कंपनीकडे जाईल. आर्वेदनं विचार केला. शहरातली कंपनी आली तर लाउकासूच्या आठ घरांना दुपारी बारापर्यंत वाट बघावी लागणार. तो "बरं" म्हणाला.

पलीकडच्या पंचायतीला त्यानं फोन केला. तिथले गृहस्थही सज्जन निघाले. एकच घर असलेला रस्ता तिसऱ्या क्रमांकात येतो, बर्फ थांबल्यावर दोन दिवसांत आमची गाडी नक्की येते, असं त्यांनी वाचून दाखवलं. नियम आधीच ठरलेला होता. गाडी यायचीही, अगदी दोन दिवसांत. तोवर नवा बर्फ पडलेला असायचा. मग आर्वेद शनिवारी खोरं घेऊन निघायचा आणि माणूसभर रुंदीची पायवाट काढायचा. पायवाटेवरून आर्वेद जाऊ शकत होता. रुग्णवाहिका जाऊ शकत नव्हती.

तीन हिवाळे असे निभावले. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या सुमाराला, हेल्मी लाकडं आणायला निघाली आणि पायरीवर घसरली. खुब्याचं हाड. खिशात फोन होता म्हणून बरं. तिनं आधी रुग्णवाहिका बोलावली, मग आर्वेदला कळवलं, तेही "पडलेय, घाई करू नकोस" अशा शब्दांत. आर्वेद तेव्हा फेरीच्या पार दुसऱ्या टोकाला होता. ट्रॅक्टर काही रेसची गाडी नव्हे. रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूनं आली आणि घरापासून चारशे मीटरवर बर्फात रुतून बसली. आर्वेद पोचला तेव्हा दोघं कर्मचारी गुडघाभर बर्फातून चालत नुकतेच अंगणात शिरले होते आणि हेल्मी सव्वा तास कोट पांघरून पायरीवर पडून होती. त्यानं पातं खाली टाकलं, रस्ता फोडला, गाडी ओढून काढली. दुसऱ्या जिल्ह्यात पातं टाकल्याबद्दल त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. काइरितनं तर उलट विचारपूस केली.

हाड जुळलं. पण पलीकडच्या पंचायतीच्या समाजसेविका बाई दवाखान्यात येऊन बसल्या. त्याही भल्याच. असा रस्ता असलेल्या घरात हिवाळाभर एकटं राहणं आता शक्य नाही, आमच्याकडे वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली आहे, आठवड्यात कळवा, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. वृद्धाश्रम साठ किलोमीटर लांब, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या कडेला.

हेल्मीनं हो कळवलं. सामान आवरायला म्हणून तिला चार दिवस घरी सोडलं. एक मदतनीस बाई सोबत. आर्वेद स्वयंपाकघरात बसून एंडेलच्या नावानं बोटं मोडत होता. त्याच्या हिशेबानं हे त्याचं बरंच लांबलचक भाषण होतं. या मध विकणाऱ्यानं आणि त्याच्या तीन बगलबच्च्यांनी मतं दिली नसती तर आज रस्ता माझ्या फेरीत असता, वगैरे.

हेल्मी चहा ढवळत म्हणाली, "दोन बगलबच्चे."

"काय?"

"एंडेल, त्याची बायको आणि त्याचा जावई. चौथी मी."

आर्वेदनं कप खाली ठेवला.

"का?"

"एंडेल आला होता विचारायला. अर्धा तास बसला, मधाची बाटली ठेवून गेला. तू दर शनिवारी येत होतास, आर्वेद. अख्खा हिवाळा. एका अक्षरानं म्हणाला नाहीस की हेल्मी, इकडे ये म्हणून."

"त्यात विचारायचं काय होतं?"

"मग मला कसं कळायचं? मला वाटलं, म्हातारीचं लोढणं याला आपल्या पंचायतीत नको असेल. सत्तावीस वर्षं माझा रस्ता करतोय, कंटाळला असेल, आणि तोंडानं सांगवत नसेल. तुला तरी काय सांगवतं?"

मदतनीस बाई उगाच भांडी विसळायला लागली.

मग आर्वेदनं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून बोलावलं. म्हणाला, "माझ्याकडे राहायला ये."

हेल्मी त्याच्याकडे बघून हसली, पण थट्टेनं नाही. "पहाटे चारला तू फेरीवर निघणार, दुपारी परतणार. मला संडासला कोण उठवणार, तुझं मांजर? मदतनीस माझ्या पंचायतीची आहे, ती नाला ओलांडून येणार नाही. तुमच्याकडे मदतनिसासाठी नाव लावलं तर यादीत किती जण आहेत पुढे, ते या बाईंनी विचारलंय. चौदा." मग ती म्हणाली, "तेव्हा विचारायचं होतंस रे."

आर्वेद उठून तिचं सामान बांधायला लागला.

शुक्रवारी तिला न्यायला गाडी यायची होती. आदल्या दोन दिवसांत भरपूर बर्फ पडला. आर्वेद फेरी आटोपून नाल्यापाशी आला आणि बघतच राहिला. पलीकडचा रस्ता कधी नव्हे इतका मोकळा होता. पंचायतीची नवी नारिंगी गाडी सकाळीच येऊन गेली होती. दोन्ही कडा सरळ कापलेल्या, वर वाळूही पसरलेली, अगदी नाल्याच्या काठापर्यंत. वृद्धाश्रमात न्यायच्या गाडीसाठी रस्ता पहिल्या क्रमांकात येत होता.

त्यानं ट्रॅक्टर अलीकडे उभा केला आणि तो चालत गेला. हेल्मीला गाडीत बसवत होते. तिनं गुडघ्यावर घोंगडी ओढून घेतली, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान करतात की. तुझ्यापेक्षा रुंद."

"हो," आर्वेद म्हणाला.

"शनिवारी जेवायचं विसरू नकोस."

"नाही."

त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. येताना नऊशे मीटर तो तेच जुळवत आला होता. पण ड्रायव्हरनं दार लावून घेतलं, गाडी वळली आणि पहिल्याच प्रयत्नात, कुठेही न अडखळता, सरळ निघून गेली.