पडद्यावरचा माझा हात

"हात ठेव इथे. पालथा. हलवू नको."

मी ठेवला. ट्रेनिंग रूममध्ये कागद मोठे करून दाखवायला टेबलावर एक कॅमेरा बसवलाय. त्याच्याखाली माझा उजवा हात. समोरच्या पडद्यावर तो परातीएवढा झाला. बोटांवरच्या तीन चामखिळी लिंबाएवढ्या. नव्या बॅचची तीस मुलंमुली बघत होती.

"बी झिरो सेव्हन," सर म्हणाले. "व्हायरल वॉर्ट. लाइव्ह केस आहे, नीट बघा. हे वस्तीतून येतं. एक नळ, एक टॉवेल, दहा माणसं. स्वच्छता कशी ती माहीतच नाही."

हसले काहीजण. सरांनी माझ्यासमोरच टेबलावर सॅनिटायझर मारलं. "जा आता."

मी म्हणाले, "थँक्यू सर."

हे मी लपवणार नाही. म्हणाले मी.

मी घरातली पहिली पदवीधर. परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावात बीएस्सी केलं. मग आई आणि मी भाईंदर पूर्वेला खारीगावात भाड्याच्या खोलीत आलो. आई चार घरी पोळ्या करते. मीरा रोडच्या या ऑफिसात सर आमच्या टीमचे प्रमुख; माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती. निवड झाली तेव्हा मी त्यांच्यासाठी पेढे नेले होते. अमेरिकेतल्या डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा, हे आमचं काम. पहिला नियम सरांनीच शिकवला. डॉक्टरने लिहिलं नसेल तर कोड लावायचा नाही. नुसतं बघून तर कधीच नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी खरं सांगितलं. बौद्धवाड्यात. ते "अच्छा" म्हणाले. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. साहेब माणूस चौकशी करतोय, असंच वाटलं.

हात दाखवल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या माऊसला लाल टेप लागली. "हा हिचा, कुणी वापरू नका," सरांनी सगळ्यांना सांगितलं. माझं नाव सॅम्पल पडलं. शेजारच्या खुर्चीवरच्या हेतलच्या अंगठ्यावर तसलीच चामखीळ होती. तिला सर म्हणाले, "जिममध्ये लागली असेल गं. डॉक्टरला दाखव, दोन मिनिटांत जाळतात." तिच्या माऊसला टेप नाही.

विषाणू एकच. दोघींना.

घरी आईला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती.

"मग तू काय म्हणलीस?"

"थँक्यू म्हणाले."

तिचे हात थांबले. "कशाबद्दल गं?"

  उत्तर सकाळी आलं. कशाबद्दलच नाही.

पुढची बॅच आली तेव्हा त्याने पुन्हा हाक मारली. इथून पुढे मी त्याला सर म्हणणार नाही.

"सॅम्पल, ये. हात दे."

"नाही देणार."

"काय?"

"माझा हात कुठल्या डॉक्टरने तपासला? कागद दाखवा. तुम्ही नुसतं बघून कोड लावलात. नवीन मुलांना चुकीचं शिकवताय."

 त्याचे कान लाल झाले. "नोकरी मी दिली तुला. तुम्हा लोकांना खुर्चीवर बसवलं की हे असं."

"परीक्षा मी दिली," मी म्हणाले आणि बाहेर आले.  

मग मी तपासनीसाची परीक्षा दिली. पास झाले. आता त्याच्या टीमचं काम माझ्याकडे तपासायला येतं, त्याचं स्वतःचंसुद्धा. पाय हा शब्द दिसला की तो तळपायाच्या चामखिळीचा कोड ठोकतो. डॉक्टरने चामखीळ पायाच्या बोटावर, वरच्या बाजूला असल्याचं लिहिलंय, ते वाचतच नाही. मी प्रत्येक चूक लिहिली. एकही खोटी लिहिली नाही. खऱ्याच पुरेशा होत्या. त्याची बढती अडली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

तो माझ्या टेबलापाशी आला. "एवढं काय ताणतेस? ऑफिस म्हणजे आपलं घरच आहे ना. आधी मला सांगत जा, मी बदलून घेईन."

"मेलवर सांगते," मी म्हणाले. सगळ्यांना कॉपी टाकून सांगितलं.

काल एचआरच्या मॅडमनी बोलावलं. माझी लेखी तक्रार त्यांच्यापुढे होती. "तो केबिनमध्ये सॉरी म्हणायला तयार आहे. मॅटर क्लोज करू या?"

"हात तीस जणांसमोर दाखवला, मॅडम. केबिनमध्ये नाही मिटणार."

"टू मच होतंय हं तुझं."

होऊ दे. सोमवारी ट्रेनिंग रूममध्ये त्याच तीस जणांसमोर तो उभा राहील, एवढं मी लिहून घेतलंय. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. दुसरी तक्रार ॲट्रॉसिटीची, पोलीस ठाण्यासाठी आहे. वकीलबाईंनी तपासलीय, माझी सही झालीय, साक्षीदार म्हणून हेतलची झालीय. तो कितीही वाकून माफी मागो. सोमवारी संध्याकाळी मी ती नेऊन देणार.