साऊंड बिघडला नव्हता, सर!

आत्ताच झरी गावात कार्यक्रम करून परत आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमचा परभणीचा सहा जणांचा ग्रुप बालविवाहावर नाच सादर करतो. त्यात गावोगावच्या मुलींचे रेकॉर्ड केलेले आवाज असतात. शेवटी सगळे आवाज थांबतात आणि मुंडावळ्या बांधलेली आमच्यातली रेश्मा दोन मिनिटं नुसती बसून राहते. आमचं सगळं म्हणणं त्या दोन मिनिटांत आहे.

आज ती बसली आणि निवेदक सरांनी माईक उचलला. "साऊंडला प्रॉब्लेम आलेला दिसतोय, तोवर पाहुण्यांचा सत्कार उरकून घेऊ."

शाल, नारळ, फेटे! रेश्माला वळसा घालून लोक फोटो काढायलेत. प्रमुख पाहुण्यांनी तर 'मुली शिकल्या पाहिजेत' म्हणून भाषण ठोकलं. रेश्मा हलली नाही. आणि मी माईक हिसकावून घेतला नाही, त्याचा राग सगळ्यात जास्त येतोय.

सामान भरताना एक मावशी आल्या. रेश्माचा हात धरून म्हणाल्या, "बाई, माझ्या लग्नात बी असंच झालं. मी तेरा वर्षांची, मांडवात बसलेली, अन् सगळे पाहुण्यायला फेटे बांधायलेत."

तुमच्या गावातल्या लग्नात नवरीचं वय विचारायला कुणी कधी माईक हातात घेतलाय का?