आधी साडू जेवतात

माझ्या साडूंइतका घाबरट आणि त्यांच्याइतका चवदार रांधणारा माणूस अख्ख्या गोंडपिपरी तालुक्यात सापडायचा नाही. भातगिरणीतल्या तुटपुंज्या पगारात घर चालवायचं, जेवण मात्र बोटं चाटायला लावणारं हवं आणि ताटातल्या घासावर कुणाचे तळतळाट नकोत, हा त्यांचा हट्ट. पनीर घरात येत नाही, कारण ते वासराच्या तोंडचं. आठवडी बाजारात भाजीवाल्या बायांशी घासाघीस करायची नाही, त्यामुळे पिशवी अर्धीच भरते. उरलेली ते बांधावरच्या तरोट्याच्या कोवळ्या पाल्यानं भरतात आणि लाखोळीची डाळ घालून अशी भाजी करतात की मी तिसऱ्यांदा भात मागतो नि बायको माझ्या पोटाकडे बघते. पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारे आळंबे, म्हणजे आमच्याकडच्या सात्या, बाजारात दिसल्या की त्यांची चौकशी सुरू होते.

"बाई, वारूळ त नाई ना फोडलं?"

"भाऊ, भाजी घेऊन राह्यले का बयान घेऊन राह्यले?"

एवढं करून आणलेल्या सात्या घरात कुणाला लगेच मिळत नाहीत. लहानपणी रानातलं भलतंच आळंबं खाऊन त्यांची बहीण गेली. हौसेनं तिनंच आधी चाखलं होतं. तेव्हापासून साडू स्वतः आधी जेवतात आणि तासभर ओसरीवर पोट चाचपत बसतात. तोवर बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा.

त्यांच्या लेकीला बघायला वरोऱ्याहून पाहुणे आले ते नेमके श्रावणात. मटण चालणार नव्हतं, म्हणून साडूंनी सात्या रांधल्या. पाहुण्यांची पानं मांडली आणि हा गृहस्थ त्यांच्यादेखत एकटाच जेवायला बसला!

"आज तरी नोका करू जी, सोयरीक मोडन!" मेहुणी रडकुंडीला आली. मुलाची आई तर पदर सावरून उठलीच.

"काऊन जी," मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या इथी पाहुण्याच्या आधी घरधनी जेवते?"

साडूंनी बहिणीचं सगळं सांगितलं. मुलाच्या वडिलांनी आपलं ताट साडूंजवळ सरकवलं.

"मले बी वाढा. दोघं मिळून वाट पाहू."

दोघे जेवून ओसरीवर बसले आणि आम्ही सगळे त्यांचे चेहरे निरखत राहिलो. कुणाला काही झालं नाही. सोयरीक जमली, दिवाळीनंतर लग्नही झालं.

परवा भर पावसात मी गेलो, तर साडू लेकीशी फोनवर बोलत होते. "तिथी बाजारात सात्या आल्या म्हन्ते? रांधून ठेव, पन खाऊ नोको. मी येतो, मंग खाजो."

एरवी मी त्यांची भरपूर टर उडवली असती, पण त्यांचा आवाज ऐकून मी त्यांची पिशवी शोधायला लागलो. मेहुणीनं खुंटीवरची छत्री काढून त्यांच्या हातात दिली आणि वरोऱ्याची बस किती वाजता आहे ते मला विचारलं.