बंदुकीला साजेसा माणूस

आमच्या घरात वडिलांपेक्षा त्यांच्या बंदुकीला जास्त मान होता. दसऱ्याला आई आधी तिला हळदकुंकू वाहायची, मग उरलंसुरलं कौतुक माणसांच्या वाट्याला यायचं. ती दुनळी खांद्यावर टाकून वडील सुरतेतल्या एका कापड मार्केटच्या दारात पहाऱ्याला बसत. नोकरी खरं तर बंदुकीची होती, वडील तिच्यासोबत जायचे एवढंच. दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण करावं लागे. ते अडलं तर बंदूक पोलिसांत जमा आणि आम्ही सगळे परत खानदेशात, हे मार्केटच्या मॅनेजरने स्वच्छ सांगितलेलं होतं.

नव्वदनंतरच्या अशाच एका खेपेला कळलं, की पोलीस जमादार आमच्या वस्तीत, नवागामात, चौकशीला येणार. माणूस कसा आहे, हे शेजाऱ्यांना विचारणार. झालं! गल्ली कामाला लागली. लूमच्या खडखडाटात हळू बोलणं विसरलेल्या शेजारच्या काकांनी ठरवून टाकलं, की बंदूक मागणारा बंदुकीला साजेसा दिसला पाहिजे. सोयरीक जमवताना मुलाची जमीन वाढवून सांगायची आमच्याकडे रीतच आहे. त्याच भक्तिभावाने सगळे वडिलांचं शौर्य वाढवायला बसले.

जमादार आला, खाटेवर टेकला, चहा प्यायला. मग म्हणाला, "माणस केवो छे?"

"शेर है साहब, शेर!" काका गरजले. "गुस्सा आया तो सगा भाई नहीं पहचानता."

"चार मवाली को अकेले ने सुला दिया," समोरच्या मावशींनी भर घातली.

"झगडा करता है?" जमादाराने विचारलं.

"रोज!" गल्ली अभिमानाने म्हणाली. वडिलांनीही मिशीला पीळ भरला. जमादार भराभर लिहायला लागला.

भांडखोर माणसाला सरकार बंदूक ठेवू देत नाही, हे फक्त आईला कळलं. परक्या पुरुषासमोर कधी न बोलणारी ती, पदर सावरत बाहेर आली. "साहेब, ह्या समदा खोटं बोली ऱ्हायनात. कुत्रं भुकनं का हाई मना मांगे दपतस. पाल दिखनी का खाटवर चढतस. आजपावत एक गोयी झाडी नही यासनी!"

अहिराणी गुजरातीच्या शेजारची, त्यामुळे कुत्रं भुंकलं की बायकोमागे लपणं काय, आजवर एकही गोळी न झाडणं काय, जमादाराला सगळं कळलं. त्याने वडिलांकडे पाहिलं. "साचुं छे?"

वडिलांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग मिशीवरचा हात हळूच खाली आला. "हां साहेब. पालनं लई भेव वाटस."

मला तेव्हा त्यांची फार लाज वाटली. जमादार मात्र पोट धरून हसला आणि आधीचं सगळं खोडून नवीन लिहायला बसला.

परवाना मिळाला. गल्लीतली पोरं पुढे कितीतरी दिवस वडील दिसले की "पाल, पाल" ओरडायची. वडील मान खाली घालून कामावर जायचे, आणि आई दारात उभी राहून पोरांना शिव्या घालायची.

त्या दसऱ्याला ताट घेऊन आई बंदुकीवरून पुढे गेली आणि आधी वडिलांना टिळा लावला. वडील गडबडले. म्हणाले, "अवं, पहिले तिले लाव. रोटी ती देस."

"तिनं काय करं?" आई म्हणाली. "खरं बोलनात ते तुम्ही."