पाणी पोचेपर्यंत

आमच्या शेजारच्या प्रमोदिनीवहिनींनी एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि एकाही पोराला चापट मारली नाही, हे नागावात कोणालाही विचारा. डस्टर फेकत, पण ते फळ्यावर. आवाज असा, की त्यांनी 'तेराचा पाढा' म्हटलं की शाळेसमोरच्या टपरीवर चहा पिणारी माणसंही मनातल्या मनात तेरा एके तेरा सुरू करत. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात याच बाईने नवऱ्याच्या दंडावर पाच बोटं उमटवली, तेव्हा ती बातमी मी गावात पसरवली नाही. हे लक्षात ठेवा, कारण बाकीच्या बहुतेक बातम्या मीच पसरवतो.

नवरा म्हणजे शरच्चंद्र, आमचा शरूदादा. तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. चुकून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर कुत्र्याला 'माफ कर हं' म्हणणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं. वाचा गेली ती तीन महिन्यांनी परत आली, पण येताना कुठून कुठून शिव्या गोळा करून आली. ताट भिरकावायचं, वहिनींना 'कैदाशीण' म्हणायचं, दिवसातून वीस वेळा 'मला उठव' आणि उठवलं की 'मला का उठवलंस'. सुरुवातीला आम्ही हसायचो. वहिनीही हसायच्या. मग त्या हसायच्या थांबल्या आणि आम्ही तेवढे उरलो.

बोटांचे वळ आधी पाहिले मैत्रीने. ही चौलची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, आठवड्यातून तीनदा स्कूटरवरून येऊन दादाचा व्यायाम घेते. तिने बाही वर सारली, पाहिलं, आणि सावकाश खाली केली.

"काकू, कधी?"

"काल," वहिनी म्हणाल्या. "परवाही."

मी मागच्या पायरीवर केळ्यांचा घड घेऊन उभा होतो, म्हणून ऐकलं. त्या घरात काही घडायचं असलं की मी नेमका केळी घेऊन पोचतो, हा योगायोग आहे.

वहिनींनी लेकीलाही स्वतःच फोन करून सांगितलं. गणिताची बाई, उत्तर चुकलं तर लपवणार नाही. इरा भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला उतरली आणि तासाभरात दारात. रडली, आईच्या गळ्यात पडली, आणि जाताना म्हणाली, "आई, पनवेलला अशा माणसांना ठेवतात ती जागा मी बघून आलेय. तुझा हात बाबांवर पुन्हा पडला, तर मी त्यांना तिथे नेणार. तुझ्यासाठीसुद्धा." चाळीस वर्षांचा संसार त्या एका हातावर येऊन ठेपला.

दुसऱ्या दिवशी मैत्री व्यायाम आटपून ओटीवर बसली. तिची आई दहा दिवसांच्या शिबिरात ध्यान शिकून आली होती आणि बारा वर्षं रोज बसते. "तुम्हाला दाखवते, काकू."

"देवाचं नाव घ्यायचं?"

"नाही."

"श्वास मोजायचे?"

"मोजायचे पण नाहीत."

"मोजायचे नाहीत?" वहिनींचा चेहरा असा झाला, की कोणी पाटीच काढून घेतली. "मग करू काय?"

"नाकपुडीखाली वारा लागतो ना, तेवढंच बघायचं. मन पळेल. पळालं की परत आणायचं. ओरडून नाही, मारून नाही. जत्रेत पोर हातातून सुटलं की कसं हाताला धरून आणतो, तसं."

'मारून नाही' म्हणताना ती दादाकडे बघत नव्हती. ज्या ओटीखाली मैत्रीच्या पणजीला ओंजळीत वरून पाणी वाढत, त्याच ओटीवर वहिनी तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. आमच्या ओटीखालीही तसंच वाढत. त्यामुळे त्या दिवशी मी गप्प बसलो. गावाने नोंद घ्यावी.

पहिल्या दिवशी चार मिनिटं. गजर लावला तर लक्ष सगळं गजराकडे. फोन जवळ ठेवला तर कोणीतरी सुप्रभात पाठवणार. मग वहिनींनी वाडीवाल्यांनाच सुचेल असा उपाय काढला. आमची विहीर सामाईक आहे. सकाळी सहाला पंप सुरू झाला की पाणी पाटाने आधी त्यांच्या पोफळींच्या आळ्यांतून फिरतं आणि मग मधल्या दगडी गडग्याच्या भोकातून माझ्या वाडीत उतरतं. बरोबर वीस मिनिटं लागतात. पाणी पोचलं की मी 'आलं!' म्हणून ओरडायचं, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. वहिनी पंप सुरू करून पोफळीखाली लाकडी पाटावर बसत आणि माझ्या हाकेला उठत. तेवढा वेळ शरूदादा झोपेतच असे.

मी छळलं नाही असं नाही. "काय वहिनी, गेल्या जन्मापर्यंत पोचलात का? मी कोण होतो बघा जरा."

"बेडूक," डोळे न उघडता उत्तर. "हर्षदभावजी, गडग्याच्या भोकाला बोळा घालता येतो, तुमच्या तोंडाला कधी घालायचा?"

हसणं परत आलं होतं, पण अधूनमधून. कधी दादाने ताट फेकलं की त्या दाराची चौकट धरून नुसत्या उभ्या राहत, नाकाखालचा वारा शोधत. कधी तो सापडत नसे. मग मागे जाऊन वाळकी झावळी दगडावर आपटत, तुकडे होईस्तोवर. एकदा मैत्रीला म्हणाल्या, "जमत नाही गं. पोर जत्रेतच राहतंय."

"आज चार वेळा आणलंत ना, काकू? उद्या पाचव्यांदा आणा."

अडीच महिने हात उठला नाही.

फाल्गुनातली सकाळ. पाणी माझ्या वाडीत आलं आणि मी ओरडलो नाही. पाहू तरी, ही बाई हाकेशिवाय किती वेळ बसते. गडग्यावर हनुवटी टेकून बघत राहिलो. वहिनींच्या भुवयांमधल्या दोन उभ्या रेघा शाळेपासून तिथे होत्या, त्या पुसल्या गेल्या होत्या. आधी गंमत वाटली, मग हाक मारवेना. पाणी माझ्या माडापर्यंत गेलं. चाळीस मिनिटं झाली.

घरातून धप्पकन आवाज आला.

त्या धावल्या, मी गडग्यावरून उडी टाकली. शरूदादा जागा होऊन एकटाच उठायला गेला होता. खाट आणि खुर्चीच्या मध्ये उजव्या हातावर पडलेला, धोतर ओलं. वहिनी वाकल्या तशी त्याने डाव्या हाताने त्यांचे केस धरले. "मेली होतीस का? रांडे, मेली होतीस?"

वहिनींचा हात वर गेला. खांद्याच्याही वर. मी दारात होतो आणि मला हलता येईना. तो हात तिथेच राहिला. मग त्या मटकन खाली बसल्या, त्या ओल्यातच. केस त्याच्या मुठीत, डोळे उघडे, नाकपुड्या हलत होत्या. खूप वेळाने हात खाली आला आणि स्वतःच्या गुडघ्यावर पडला. दादाची मूठही सैल झाली.

"भावजी, काखेत धरा," त्या म्हणाल्या. "डावीकडून. उजवा खांदा निसटतो."

दादाच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं. संध्याकाळी इरा आली. मी होतोच, केळी नसताना.

"म्हणजे तू डोळे मिटून बसली होतीस आणि बाबा पडले?"

"हो. वेळ कळला नाही. चूक माझी."

"आई, पुरे झालं. सोमवारी मी त्यांना नेते." मग हळू आवाजात, "हात उचललास?"

"उचलला," वहिनी म्हणाल्या. "खाली आणला."

आता मला बोलणं भाग होतं. "इरा, ओरडायचं काम माझं होतं. मी ओरडलो नाही."

"का, काका?"

"गंमत."

त्या घरात तो शब्द कसा वाजला, ते मला अजून ऐकू येतं. डस्टर येईल म्हणून मी मान आत घेतली. वहिनींनी एवढंच विचारलं, "किती वेळ झाला होता?"

"चाळीस मिनिटं."

"चाळीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि लगेच पदराने तोंड पुसलं. त्या चाळीस मिनिटांत त्यांना जे मिळालं होतं, त्याची त्यांना लाज वाटत होती. ती लाज मी दिलेली.

इराने सोमवार पुढे ढकलला. प्लास्टर निघेपर्यंत सहा आठवडे. अट एक: आई बसेल तेव्हा बाबांजवळ माणूस हवा. हे बोलून तिने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून सहाला मी शरूदादाच्या खाटेशी. आता तो पहाटेच जागा होतो. खिडकीतून गडग्याचं भोक दिसतं, पाणी उतरलं की तिथूनच मी हाक मारतो. दादा मला बेडूक म्हणत नाही, त्याहून बरंच काही म्हणतो. माझ्या आईलाही म्हणतो, जिने त्याला लहानपणी भरवलं. नवव्या दिवशी त्याने गरम चहा माझ्या छातीवर ओतला, आणि माझा हात मला वर दिसला. चार पोरांत हसतखेळत हिंडणाऱ्या माणसाचा हात. दादाने डोळे गच्च मिटले आणि मान खांद्यात घेतली. म्हणजे मार येताना कसं करायचं, ते त्याला माहीत होतं.

हात खाली आणायला मी नाकाखालचा वारा शोधला. चहाचा वास तेवढा आला. हात आला खाली, पण वहिनींसारखा नाही, खाटेच्या दांडीवर आपटत. तोवर भोकातून पाणी उतरत होतं.

"आलं!" मी ओरडलो.

वहिनी आत आल्या. माझा शर्ट पाहिला, हात पाहिला, दादाची मिटलेली पापणी पाहिली. कोपऱ्यातला दुसरा पाट पायाने माझ्याकडे सरकवला आणि फडकं शोधायला गेल्या.

प्लास्टर निघायला अजून महिना आहे. इरा येईल आणि तोच प्रश्न विचारेल, हात उचलला का. आता दोघांना.