मिस्त्रीची दोन खोकी

मिस्त्रीनं नाकावर माशी कधी बसू दिली नाही. रेडिओ उघडण्यात आणि मिटण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या हाताखाली शिकायचं म्हणजे स्वतःच्या आईबापाचा उद्धार रोज फुकटात ऐकायचा. पण त्यातही एक मेख होती. ज्याच्यात काही दम दिसे, त्यालाच तो शिव्या घाली. एक शिकाऊ होता, हातांचा निव्वळ धोंडा. त्याचं काम बघून मिस्त्री गोड आवाजात म्हणे, “छान.” थोड्याच दिवसांत तो गडी किराणा दुकानात पुड्या बांधायला लागला. शेजारच्या स्टुलावर बसून शिव्या खाणारा पुतण्या मात्र टिकला. आता दुकान त्याच्याच हातात होतं.

मिस्त्री घरी बसला तो कानांपायी. आपण दुरुस्त केलेल्या रेडिओतली घरघर त्याला ऐकू येईना, आणि गिऱ्हाइकं माल परत आणून आपटायला लागली. पुतण्या म्हणाला, “काका, थोडे दिवस आराम करा.” ते थोडे दिवस काही सरेनात.

अशात घरात नवा टीव्ही आला, पाटीसारखा पातळ.

“चित्र झकास आहे हो,” मिस्त्रीण कुरकुरली, “पण बोलतात काय ते कळेल तर शपथ. तोंडात बोळा कोंबल्यागत बोलतात मेले.”

“बोलतील कसे? स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून बसलेत. रुसलेल्या सासूसारखे.”

मिस्त्रीला हुरूप आला. माळ्यावरची दोन जुनी लाकडी खोकी त्यानं उतरवली. एकातला स्पीकर फाटला होता, तिथं दुसरा बसवून आतल्या तारा सोल्डर केल्या. टीव्हीच्या इअरफोनच्या भोकातनं तार ॲम्प्लिफायरला, तिथनं दोन्ही खोक्यांना. लालला लाल, काळ्याला काळी. मग पुतण्याला निरोप धाडला, ‘येऊन ऐक, आणि सांग माझं स्टूल परत कुठं मांडतोस ते.’

“सेल लावून बघा की एकदा,” मिस्त्रीण म्हणाली. “दुकानात सगळ्यांना लावायला लावायचात.”

स्पीकरच्या दोन टोकांना सेल टेकवला की त्याचा कागदी पडदा उडी मारतो. दोन्ही पडदे एकाच बाजूला उडाले पाहिजेत. नाहीतर एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि आवाजातला जीवच निघून जातो.

“ते नवशिक्यांचं काम,” मिस्त्री म्हणाला. “मी कानानं ओळखतो.”

मिस्त्रीणीनं हातातला सेल फळीवर ठेवून दिला.

पुतण्या आला. बातम्या चालू होत्या. खुर्ची मधोमध ओढून त्यानं मान तिरकी केली, मिस्त्रीनंच शिकवली होती तशी. त्याची नजर एका खोक्यावर गेली, मग दुसऱ्यावर, मग काकाच्या तोंडावर.

“काय? बोल की!”

“छान, काका,” पुतण्या म्हणाला. अगदी गोड आवाजात.

“बस, चहा टाकते,” मिस्त्रीण म्हणाली.

“नको काकू, गिऱ्हाईक थांबलंय.” आणि चपला अडकवून तो गेला.

मिस्त्री त्याच खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानंही मान तिरकी केली. मग बायकोला म्हणाला, “खरं सांग. कसा येतोय आवाज?”

“विहिरीत पडलेला माणूस हाका मारतोय तसा.”

“मग आधी बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर ऐकलं असतंत?”

मिस्त्रीनं खोक्यांच्या जाळ्या काढल्या आणि सेल घेतला. पहिल्या पडद्यानं बोटाला धक्का दिला. दुसरा बोटाखालनं आत पळाला. बाहेर लालला लालच होती, पण खोक्याच्या आतली तार त्यानं स्वतःच्या हातानं उलटी सोल्डर केली होती. पुतण्याला हे पहिल्या वाक्यालाच कळलं असणार. ‘काका, डोळे फुटले का तुमचे?’ एवढं जरी तो ओरडला असता, तरी मिस्त्रीनं त्याचे पाय धरले असते.

त्यानं तारा फिरवल्या.

“आता कसा माणूस घरात येऊन बसला!” मिस्त्रीण हरखली. “बोलवा की त्याला परत. सांगा, चुकलं होतं, नीट केलं.”

मिस्त्रीला आधीच्यात आणि आताच्यात काडीचा फरक कळला नव्हता. तो एकेक जाळी परत ठोकत राहिला.

“कशाला बोलवू?” तो म्हणाला. “परत छानच म्हणेल.”